‘पेस्ट लागली’ म्हणून सोडून दिलेली पोर

अन्याय झाला तो एका सहा वर्षांच्या मुलीवर. कधी झाला तेही सांगते, म्हणजे उद्या कुणी ‘असं काही घडलंच नाही’ म्हणायला नको. दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी, बागेत मजुरांचा चहा चालू असताना. जागा निफाडच्या पलीकडची एक द्राक्षबाग. बाग माझ्या सख्ख्या मामाची. मुलगी पेठकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरून आईबापाबरोबर छाटणीला आलेली. म्हणजे काम आईबापाला. तिला नुसती आणलेली, कारण घरी ठेवायला माणूस नव्हतं.

ती शेडच्या भिंतीला पाठ लावून बसली होती. मुकादमानं तिचा तळहात उलटा करून पाहिला, मग मामानं पाहिला. तळहात लाल. ओठ सुकलेले, चेहरा तापल्यासारखा. मामा म्हणाला, “पेस्ट लागली हिला. खोबरेल चोळा आन् सावलीत निजवा.”

मुकादम म्हणाला, “तेच म्हनलं मी शेठ. पोरं ऐकत नाय, बादलीत हात घालत्यात.”

दोघं चहाचे कप खाली ठेवून ओळीत शिरले. झालं. एका लेकराचा निकाल चहा निवायच्या आत लागला.

ज्यांनी द्राक्षं फक्त खाल्लीत त्यांच्यासाठी सांगते. ऑक्टोबरची छाटणी झाली की काडीवरचे डोळे सगळे एकदम फुटावेत म्हणून त्यांना एक औषध चोळतात. बागेत त्याला पेस्टच म्हणतात. कापडाचा बोळा बादलीत बुडवायचा आणि एकेक डोळा पुसत जायचं. त्यात रंग कालवलेला असतो, कुठली काडी झाली ते लांबून कळावं म्हणून. हे औषध कातडीला चावतं. हातमोजे फाटके असतील, किंवा नसतीलच, तर तळवे लाल होतात, खाज सुटते, डोकं गरगरतं, एखादा ओकतो. छाटणीच्या दिवसांत आमच्या भागात कुणीही लाल झालं, कुणीही ओकलं, की शब्द तयार असतो: पेस्ट लागली. मी लहानपणापासून तो ऐकत आलेय. उन्हाळ्यात ‘ऊन लागलं’ म्हणतात तितक्या सहज म्हणतात. आणि ‘ऊन लागलं’ म्हटल्यावर जसं पुढे कुणी काही विचारत नाही, तसंच इथंही.

या एका शब्दामुळे ती पोर मरायला टाकली होती. मी मुद्दाम असं लिहितेय. मामा हे वाचेल. वाचू दे.

मी नाशिकला राहते. बाहेरून कामाला येणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठी आमचा एक छोटा गट आहे. आम्ही पत्रकं काढतो, वाटतो, बैठका घेतो, कधी कधी कुणाच्या तरी केबिनबाहेर तासन् तास बसतो. मामा मला ‘पत्रकवाली’ म्हणतो. रविवारी संध्याकाळी त्याच्याकडे पोचले तेव्हा ओट्यावरूनच ओरडला, “आल्या का पुढारीणबाई! अगं, चहा टाक, नायतर आपल्यावरच मोर्चा काढंल ही.”

“मोर्चाला चार माणसं लागतात मामा. तुझ्या घरात माझ्या बाजूचं एकच आहे.”

“कोण गं?”

“कुत्रा.”

मामी आतून हसली. असं आमचं चालतं. मामा वाईट माणूस नाही. हे लिहिताना मला सगळ्यात जास्त त्याचाच राग येतोय. वाईट माणसानं वाईट केलं तर निदान समजतं तरी.

सोमवारी सकाळी मी शेडकडे गेले ती पत्रकं घेऊन. त्या वर्षीचं पत्रक डेंग्यूचंच होतं. वर मोठ्या अक्षरांत ‘अचानक जोराचा ताप’, मग ‘डोळ्यांच्या मागे दुखणे’, ‘अंगावर लाल पुरळ’, आणि बाजूला चित्र. चित्रातलं बाळ गोरंगोमटं, गालावर लाल ठिपके, डोक्यावर बर्फाची पिशवी. शहरातल्या कुणीतरी कुठून तरी उचललेलं चित्र. आमच्या या पोरीचा रंग सावळा, उन्हात रापलेला. तिच्या पोटावर, दंडावर पुरळ होतं. पण ते दिसत नव्हतं, हात फिरवल्यावर बारीक खरखर लागत होती. लाल दिसण्यासारखी जागा एकच, तळहात. आणि तळहात लाल म्हणजे पेस्ट. चित्र काढणाऱ्यानं हा विचार करायचा नाही, छापणाऱ्यांनी, म्हणजे आम्हीही, करायचा नाही, मग पाड्यावरच्या आईनं त्या गोऱ्या बाळात आपली पोर कशी ओळखायची?

आई ओळीत होती. तिच्या हातात बादली, मनगटापर्यंत रंग. मी तिच्या मागं मागं चालत विचारत होते आणि ती काम न थांबवता सांगत होती. काम थांबवता येत नव्हतं. छाटणी झाल्यावर पेस्ट लगेच लागावी लागते, आणि आभाळ भरून येत होतं. औषध सुकायच्या आत पाऊस पडला तर ते धुऊन जातं. त्यामुळे मामा सकाळपासून वर बघत होता. वरच बघत होता.

“ताप कधी आला तिला?”

“दसऱ्याला. तुमच्या मामींनी जेवाया बोलावलं व्हतं ना सगळ्यांना, तवा पोर जेवलीच नाय. पुरी हातात धरून बसली. मंग बघते तर तव्यावानी अंग.”

“सर्दी, खोकला?”

“नाय. नाक कोरडं. डोकं दुखतं म्हनायची. डोळं उघडंना, उजेड नको म्हनं. पाय चेप, पाय चेप करून लय रडली.”

“मग?”

“मंग दुसऱ्या दिशी गावातल्या डाक्टरकडं नेली मुकादमानं. सुई दिली कमरंत. ताप गेला, परत आला. आज पहाटंपून नाय ताप. गार हाय आता पोर.” आणि ती हसली. पहिल्यांदा काम थांबवून माझ्याकडे बघून हसली. “बरं वाटलं बघा ताई. चार दिस जीव थाऱ्यावर नव्हता.”

मी तिथेच उभी राहून हिशेब लावला, आणि तो लावायला डॉक्टर व्हावं लागत नाही. पोर तापली दसऱ्याला. दसऱ्याला बागेत कात्र्यांची पूजा झाली. छाटणीला हात घातला दुसऱ्या दिवशी. पेस्टची पहिली बादली कालवली त्याच्याही पुढच्या दिवशी. म्हणजे पोरीला ताप आला तेव्हा पेस्ट डब्यातून बाहेरही आलेली नव्हती. हे मामाला माहीत होतं, मुकादमाला माहीत होतं, डबे त्यांनीच फोडले होते. पण दोघांनाही ते जुळवून बघावंसं वाटलं नाही. जुळवायला आधी थांबावं लागतं, आणि मजुराच्या पोरीसाठी पेस्टच्या दिवशी कोण थांबतं?

परत शेडकडे आले तर पोर आडवी झाली होती. पोट धरून. शेजारी ओकलेलं पाणी, त्यावर माशा. मी तिच्या पायाला हात लावला. दिवसाचा उकाडा असा की माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता, आणि तिचे पाय माठासारखे गार. हाक मारली तर डोळे उघडले, पण माझ्याकडे नाही, माझ्या पलीकडे कुठेतरी बघितलं. लघवीला कधी गेली होती विचारलं तर तिच्या धाकट्या भावाला सांभाळत बसलेली म्हातारी मजूरबाई म्हणाली, सकाळधरनं उठलीच नाय. मी तिचा ओठ खाली ओढून पाहिला. हिरड्यांच्या कडेला रक्ताची बारीक रेघ.

ताप उतरला म्हणजे पोर बरी झाली, असं आपण सगळेच समजतो. या आजारात ते धोक्याचं आहे. बहुतेक मुलं ताप उतरल्यावर खरंच बरी होतात, भूक मागतात, खेळायला लागतात. पण काही मुलांचा खरा धोका ताप उतरतो तेव्हाच सुरू होतो. रक्तातलं पाणी नळ्यांमधून बाहेर झिरपतं, अंग गार पडतं, पोट दुखतं, उलट्या थांबत नाहीत, मूल गप्प होतं. आणि आई म्हणते, गार झाली, निजली, बरं वाटलं.

मी मामाला गाठलं. तो बांधावर उभा राहून ओळी मोजत होता.

“मामा, गाडी काढ. पोरीला डेंग्यू आहे. आत्ताच न्यायला पाहिजे.”

“कुणाला? तिला?” त्यानं शेडकडे बघितलंही नाही. “तिला ताप तरी हाये का? आईच सांगती गेला म्हणून. पेस्ट लागली गं. लय बघितल्यात असल्या.”

“ताप पेस्टच्या आधी आलाय. दसऱ्याला.”

“मग तो ताप वेगळा आन् ही पेस्ट वेगळी.”

बघा. माणसाला एकदा नाव सापडलं की तो ते सोडत नाही. वस्तुस्थिती अंगावर आली तर एकाची दोन नावं करतो. मुकादम मध्ये बोलला, “ताई, तुम्ही शहरातल्या. आमच्या लोकांच्या पोरांना काय व्हत नाय. काटक असत्यात.” हा माणूस त्याच डोंगरातला, त्याच पाड्याच्या शेजारचा. आमच्या लोकांच्या म्हणाला.

“तुझं पोरगं कुठंय मुकादम?”

“वणीला. शाळंत.”

“काटक आहे?”

मुकादम बादल्यांकडे वळला.

आता जे सांगते ते मला सगळ्यात जास्त जाळतं. मागच्या पावसाळ्यात मामाच्या नातवाला, म्हणजे माझ्या मामेभावाच्या मुलाला, हाच आजार झाला होता. याच मळ्यात. ताप आला त्या संध्याकाळी गाडी निघाली, नाशिकला बालरोगतज्ज्ञ, रक्ताच्या तपासण्या, रोज फोन, पपईच्या पानांचा रस, त्याच्या आत्यानं देवाला नवस, सगळं घर उभं. त्या पोराला साधं कणकण वाटलं तरी चार माणसं कपाळाला हात लावायची. तो बरा होऊन आल्यावर बंगल्याच्या प्रत्येक खिडकीला जाळी बसली. पाण्याच्या टाकीला झाकण बसलं, झाकणाला कुलूप बसलं.

आणि शेड? बंगल्यापासून हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर. शेडला खिडकीच नाही तर जाळी कुठली. पाण्याला निळे ड्रम, फवारणीच्या औषधाचे, वरचं तोंड कापलेले. मोटार चालू असेल तेव्हा भरून ठेवायचे, कारण वीज कधी येईल ते मजुराला विचारून येत नाही. घट बसले तेव्हापासून टोळी तिथे राहायला होती, छाटणीआधी वेलीची पानं उतरवायचं, पानगळीचं काम चालू होतं. ड्रम कधी पूर्ण रिकामे झालेच नसावेत. मी त्या दिवशी एका ड्रममध्ये वाकून पाहिलं. पाणी स्वच्छ, तळ दिसत होता, आणि त्यात बारीक अळ्या वळवळत वरखाली करत होत्या. तेच पाणी पोरगी पीत होती, त्याच्याच शेजारी दिवसभर खेळत होती, आणि हा डास चावतो तोही दिवसाच. गावात धुराचं मशीन फिरलं होतं म्हणे. फिरलं, देवळापर्यंत आणि मुख्य रस्त्यानं. घरोघर जाऊन पाणी तपासणारी माणसंही येऊन गेली. पण शेडला घर नंबर नाही, आणि त्यात राहणारे गावचे नाहीत. डासाला मात्र घर नंबर लागत नाही.

मी हे सगळं मामाला तिथंच सुनावलं. आवाज चढला. ओळीतली माणसं बोळे हातात धरून बघायला लागली. मामाचा चेहरा उतरला नाही, लाल झाला. त्याला पेस्ट लागली नव्हती. “चारचौघांत बोलू नको,” म्हणाला. “पाऊस यायच्या आत हा प्लॉट उरकू दे. संध्याकाळी सोडतो पिकअप. आत्ता ती औषधाला गेलीये पिंपळगावला.”

“आणि कार?”

“कार?” असं म्हणाला जणू मी त्याचं देवघर मागितलं.

तेवढ्यात मामी आली. माझा आवाज ऐकूनच आली असणार. ती सरळ शेडमध्ये शिरली, खाली बसली, पोरीचा ओठ मी ओढला होता तसाच ओढून बघितला. मग पाय हातात घेतले. मामी उठली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून कळलं की तिला तिचा नातू आठवला होता.

“अहो,” ती मामाला म्हणाली, “आपल्या पोराच्या हिरडीला असंच आलं होतं. डॉक्टर काय म्हणाले होते, असं दिसलं की एक तासही थांबू नका म्हणून. विसरले?”

“ते येगळं होतं.”

“काय येगळं होतं?”

मामानं परत आभाळाकडे बघितलं. त्या प्रश्नाचं उत्तर त्यालाही माहीत होतं, मलाही, ओळीत उभ्या असलेल्या प्रत्येकाला. मामी घरात जाऊन कारची किल्ली घेऊन आली आणि माझ्या हातात दिली.

आता आईला समजवायचं होतं, आणि ते जास्त अवघड होतं. ती घाबरली होती. पोरीच्या काळजीनं नाही, मुकादमाला. “ताप नाय ताई. मंग कशाला न्यायची? काम सोडलं तर…” आणि मुकादमाकडे बघायची. मी पत्रकातलं एकही वाक्य बोलले नाही. पत्रक त्या वेळी उपयोगाचं नव्हतं. मी फक्त तिचा हात धरला, रंगानं माखलेला, आणि पोरीच्या पायावर ठेवला. मग दुसरा हात पोरीच्या मांडीवर, मग पोटावर, मग परत पायावर. “हे काय,” म्हणाली. “हे काय गं बाय, एवढी गार?” आणि तिनं पोरीला उचललं. बादली सांडली. मुकादम ओरडला, “आगं औषध!” आणि कुणीच त्याच्याकडे बघितलं नाही. बाप ओळीतून पळत आला, हात पँटला पुसत.

गाडीत बसताना मामा मागून म्हणाला, “शीटवर काहीतरी अंथरा. रंग लागंल.”

मी ते ऐकलं. त्या आईनंही ऐकलं. तिनं डोक्यावरचा पदर काढून स्वतःखाली घेतला.

पहिला दवाखाना लागला तो रस्त्यावरचा, खासगी. तिथल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, काय झालं? आणि मी गाडी लावून आत यायच्या आधी बाप बोलून गेला: “पेस्ट लागली साहेब.” मालकानं सांगितलेलं, मुकादमानं सांगितलेलं, तो बिचारा दुसरं काय सांगणार? डॉक्टरच्या डोक्यात लगेच विषबाधा. पोट धुवायची तयारी. औषधाचा डबा आणलाय का, नाव काय औषधाचं. मी आत शिरले तेव्हा नळी काढली होती. मला तिथे ओरडावं लागलं. ओरडले. “चार दिवस ताप होता. आज उतरलाय. हिरडीतून रक्त आहे. ताप आला तेव्हा पेस्ट कालवलीही नव्हती.” डॉक्टर थांबला. भला होता, थांबला. नाडी पाहिली, रक्तदाब घेतला, परत घेतला, नख दाबून सोडून बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, “इथं नको. मी सलाइन लावून देतो, नाशिकला न्या. थांबू नका कुठे.” त्यानं पुढे फोनही केला.

नाशिकच्या एका मोठ्या दवाखान्यात ती आठवडाभर राहिली. तिथल्या बाई डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “कमरेत सुई कुणी दिली?” या आजारात दुखण्यावरची ती इंजेक्शनं आणि गोळ्या रक्तस्राव वाढवू शकतात. तापाला साधी पॅरासिटामॉल, पाणी, पेज, आणि मुलावर नजर. एवढंच हवं असतं सुरुवातीला. पण गावात सुई दिली नाही तर पेशंट म्हणतो डॉक्टरला येत नाही, आणि डॉक्टर ती देतो. एकाला दोष देऊन मी सुटणार नाही, पण सुई त्यानं टोचली हे खरं आहे.

त्या वॉर्डात मी रोज जात होते, आईला डबा द्यायला. तिथं मला कळलं की हा आजार प्रत्येक मुलात वेगळा चेहरा घेऊन येतो. एका पोराचं नुसतं पोट दुखत होतं. घरच्यांनी जंताचं औषध दिलं होतं. एक दुधावरचं बाळ, ताप बेताचा, पण दूध तोंडात घेईना आणि सारखं किरकिरं; आजी म्हणत होती दात येताहेत. एका मुलाला तापात झटका आला होता, तर त्याच्या बापानं आधी देवऋष्याकडे नेलं. एका मुलीचा आजार डेंग्यू नव्हताच, त्याच डासाचा दुसरा, चिकनगुनिया. तिचे बोटांचे सांधे असे सुजलेले की चमचा धरवत नव्हता. तिच्या शाळेतल्या बाईंनी तिला लिहायचा कंटाळा करते म्हणून उभं केलं होतं. तिची आई ते सांगत होती आणि हसायचा प्रयत्न करत होती, आणि जमत नव्हतं.

प्रत्येक खाटेशी एक शब्द होता. जंत. दात. नजर. कंटाळा. पेस्ट. प्रत्येकाच्या घरी, बागेत, शाळेत कुणीतरी मोठं माणूस होतं, ज्यानं एका दृष्टिक्षेपात ओळखलं होतं. लेकराला कुणी विचारलं नव्हतं की कुठं दुखतं.

पहिले दोन दिवस पोरीचं काही खरं नव्हतं. सलाइन मोजून द्यायचं, कमी पडलं तरी धोका आणि जास्त झालं तरी छातीत पाणी. आई खाटेच्या दांडीला धरून बसायची. तिनं नखांतला रंग काढायचा प्रयत्न केला होता, पण तो निघाला नव्हता. बाप दुसऱ्याच दिवशी बागेत परत गेला होता. मुकादमाचा निरोप आला होता. तिसऱ्या दिवशी पोरीला पहिल्यांदा भरपूर लघवी झाली. इतक्या साध्या गोष्टीवर मी आणि तिची आई एकमेकींना मिठी मारून रडलो. नर्स म्हणाली, “अहो, मुतलीये फक्त, पहिली नाही आली शाळेत.” मग तीही हसली. त्यानंतर पोर हळूहळू उठली. पहिलं वाक्य बोलली ते असं: “मला पेज नको. मला शेव पायजे.”

वाचली. म्हणून मला हे रागावून लिहिता येतंय. ती गेली असती तर बागेत आजही हेच सांगितलं गेलं असतं की एक पोर पेस्ट लागून गेली, ऐकत नाहीत पोरं, बादलीत हात घालतात. डासाचं नाव निघालं नसतं. ड्रमचं निघालं नसतं. दोष सहा वर्षांच्या पोरीच्या हाताला लागला असता.

दिवाळीला आम्ही सगळे मामाकडे जमलो तर मामा पाहुण्यांना गोष्ट सांगत होता. “आमच्या शेडवरची एक पोर, डेंग्यू. मी म्हटलं, कार काढा. कारचं काय, परत धुता येते.” पाहुण्यांनी माना हलवल्या. मोठं मन म्हणाले. मी मामीकडे बघितलं. मामीनं करंजीचं ताट पुढे केलं आणि खाली बघितलं.

मी बाहेर पडले आणि शेडकडे गेले. ती टोळी निघून गेली होती, घडांतले मणी विरळ करायला, थिनिंगला, दुसरी येणार होती. ड्रम तिथेच होते. पाणी होतं त्यांत. मी एकटीनं उपडे करायचा प्रयत्न केला तर एकही हलला नाही, भरलेले होते. मामेभाऊ मदतीला आला नाही. पाहुण्यांसमोर ते बरं दिसलं नसतं. शेवटी डब्यानं उपसले, सगळे, संध्याकाळपर्यंत. पण मी एका बागेत किती वेळा येणार? नवी टोळी येईल, तिच्याबरोबर नवी पोरं येतील, मोटार चालू झाली की ड्रम पुन्हा भरतील. ड्रमला झाकण लागतं, आणि झाकण घालायला तिथे रोज असणारा माणूस लागतो. मालक रोज असतो.

म्हणून हे मालकांसाठी आहे. निफाडचे असाल, वणीचे असाल, कुठलेही असाल. तुमच्या बागेत, वीटभट्टीवर, इमारतीच्या कामावर मजुरांची पोरं राहत असतील, तर वाचून ‘खरंय’ म्हणून हे बाजूला ठेवू नका. उद्या सकाळी बागेत आभाळाकडे बघायच्या आधी शेडवर जा. पिण्याच्या पाण्याला झाकण द्या, आणि आठवड्यातून एकदा ड्रम रिकामा करून घासायला स्वतः उभे राहा. पोराला ताप आला की सुई टोचून आणू नका, रक्त तपासायला न्या. आणि ताप उतरलेलं पोर गप्प पडलं, पोट धरून बसलं, ओकत राहिलं, तर त्याला नाव द्यायच्या आधी त्याचे पाय हातात घ्या. गार लागले तर त्याच क्षणी दवाखान्यात न्या, तुमच्या स्वतःच्या गाडीतून, आणि काम बंद पडलं तर पडू द्या.